श्रीरंगची चाळणी

कारखान्यांच्या एका शहरात प्रेशर कुकर बनवणारे दौलतशेठ नावाचे एक उद्योजक होते. त्यांचे कुकर घरोघरी होते, त्यामुळे कंपनीला रोज ढिगाने ईमेल येत. त्यांत कामाचे थोडे आणि कचरा फार.

हा कचरा बाहेरच ठेवण्याचे काम श्रीरंग नावाच्या तरुण इंजिनियरकडे होते. त्याने त्यासाठी फिल्टर बसवला होता. कंपनीत सगळे त्याला 'श्रीरंगची चाळणी' म्हणत आणि श्रीरंगला ते नाव आवडे.

ठगही हुशार होते. आधी ते लॉटरी लागल्याचे कळवत. लोक शहाणे झाले, तशी वीज तोडण्याची धमकी आली. मग अडकलेल्या पार्सलची बतावणी सुरू झाली. श्रीरंग शब्दांवरून असे मेल ओळखू लागला, तेव्हा ठग मजकूर लिहीनासेच झाले. सगळे फोटोत घालून पाठवू लागले. श्रीरंगनेही मग नवा नियम केला. अनोळखी माणसाचा मेल, वर 'तातडीचे' असा मथळा, आत दोन ओळी आणि खाली फोटो, असे दिसले की मेल थेट अडगळीत, म्हणजे कोणी न उघडणाऱ्या वेगळ्या फोल्डरमध्ये.

कचरा एकदम आटला. वार्षिक बैठकीत श्रीरंगने मोठ्या पडद्यावर आलेख दाखवला. शंभर खोट्या मेलपैकी नव्याण्णव दाराबाहेरच अडतात, असे त्याने सांगितले. हा हिशेब करताना अडवलेला प्रत्येक मेल त्याने खोट्यांतच धरला होता. शेठनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

तेव्हा ग्राहकांच्या तक्रारी पाहणाऱ्या वृंदाताईंनी विचारले, "अडवलेल्यांत खरे किती होते, ते मोजलंस का?"

श्रीरंग हसला. "ताई, खोटे होते म्हणून तर अडवले."

सगळेच हसले. अलीकडे तक्रारी फार कमी येतात, म्हणून शंका आली, असे वृंदाताई म्हणाल्या. तक्रारी कमी म्हणजे माल चांगला, असे शेठ म्हणाले, आणि विषय तिथेच मिटला.

त्यानंतर काही महिन्यांनी शेजारच्या जिल्ह्यात या कंपनीचा एक कुकर फुटला. शिवणकाम करून घर चालवणाऱ्या सरोजबाईंचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बातमी पेपरात आली.

ती वाचून सिंधूताई कारंडे नावाच्या बाई कंपनीत आल्या. त्या एका कॉलेजजवळ खानावळ चालवत. त्यांनी पिशवीतून स्वतःचा कुकर काढून शेठच्या टेबलावर ठेवला. वाफ कोंडली तरी त्याचा व्हॉल्व्ह उडत नाही, असे त्यांनी सांगितले.

"मी तीनदा 'तातडीचे' म्हणून मेल केला होता, फोटोसकट," त्या म्हणाल्या. "माझा कुकर मी तेव्हाच बाजूला ठेवला. पण असले कुकर आणखी कितीजणींच्या घरी गेले असतील, ते मला कसं कळणार? म्हणून तुम्हाला कळवलं."

त्यांनी पाठवलेले मेल फोनवर उघडून दाखवले. शेठनी वृंदाताईंना बोलावून घेतले आणि त्यांचा विभाग झोपा काढतो का, असे सर्वांदेखत विचारले. वृंदाताईंना ते मेल आठवेनात. त्यांनी पुन्हा पुन्हा शोधले. शेवटी त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या नजरेतून सुटले असतील. तसं असेल तर दोष माझा."

शोधाशोधीसाठी श्रीरंगलाही तिथे बोलावले होते. तो कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसला होता आणि सिंधूताईंचे तिन्ही मेल त्याच्यासमोर होते. ते अडगळीत पडले होते. ती अडगळ त्याच्याशिवाय कोणालाच उघडता येत नव्हती. एक बटण दाबले असते तर मेल कायमचे पुसले गेले असते. व्हायचे ते होऊन गेले, आता सांगून कोणाचा हात बरा होणार आहे, असे त्याच्या मनात आले. त्याने तिन्ही मेल निवडले. बोट बटणापर्यंत गेले.

मग त्याचे लक्ष वृंदाताईंकडे गेले. न केलेली चूक पदरात घेऊन त्या खाली मान घालून उभ्या होत्या. श्रीरंगने हात मागे घेतला आणि तो उठून उभा राहिला.

"शेठ, मेल आले होते," तो म्हणाला. "ताईंपर्यंत ते पोचलेच नाहीत. माझ्या चाळणीने अडवले. आणि आत्ता ते पुसून टाकायला माझा हात गेला होता."

सिंधूताईंनी त्याला विचारले, "माझा मेल ठगाच्या मेलसारखा दिसला का?"

"हो."

"मग उघडून बघायचा ना एकदा."

श्रीरंगने तिन्ही मेल उघडले आणि लॅपटॉप शेठसमोर ठेवला.

सरोजबाईंचा आणि सिंधूताईंचा कुकर ज्या खेपेत बनला होता, त्या खेपेचे सगळे कुकर शेठनी त्याच दिवशी परत मागवले. श्रीरंग अडगळ उघडून बसला. लाखो मेल वाचणे शक्य नव्हते, म्हणून त्याने मधूनमधून कुठलेही थोडे थोडे काढले आणि एकेक स्वतः वाचला. ठगांचे पुष्कळ होते. पण मधूनच कोणी रबरी रिंग कुठे मिळेल म्हणून विचारले होते, कोणी नोकरीसाठी अर्ज केला होता. एका गृहस्थांनी तर त्याच व्हॉल्व्हबद्दल लिहिले होते. खरा मेल निघाला की श्रीरंगची मान आणखी खाली जाई. नव्याण्णवचा आलेख ज्या पडद्यावर दाखवला, त्याच्यासमोरून जायलाही त्याला नकोसे वाटू लागले. त्याने फोटोचा नियम काढून टाकला. यापुढे खोटे किती अडले याच्या शेजारीच खरे किती अडकले तेही शेठना सांगायचे, आणि तो आकडा वृंदाताईंनी तपासायचा, असे त्याने ठरवून घेतले.

नंतर तो सरोजबाईंच्या घरी गेला. शिलाई मशीनवर कापड झाकलेले होते. बाईंचा हात पट्टीत होता. त्यांनी त्याला बसायला सांगितले आणि तो कंपनीत काय काम करतो, ते विचारले.

"खोटे मेल अडवतो," श्रीरंग म्हणाला. "एका बाईंनी आधीच सावध केलं होतं. तो मेल मी न वाचताच अडवला. तो वाचला असता तर तुमचा हात वाचला असता."

औषधपाण्याचा खर्च कंपनी करणार हे सरोजबाईंना आधीच कळले होते. श्रीरंग माफी मागणार, तेवढ्यात त्यांनी डावा हात वर करून त्याला थांबवले.

"मी माफ केलं तर तुला बरं वाटेल," त्या म्हणाल्या. "पण मला अजून सुई धरता येत नाही. आज मागू नकोस."

श्रीरंगने मान हलवली आणि तो माफी न मागताच उठला.

तात्पर्य: किती खोट्यांना अडवले एवढेच मोजून राखणदाराने फुशारकी मारू नये, आपल्यामुळे किती खऱ्यांना दार बंद झाले, तेही मोजावे.