शेंदराखालचे वीर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तुम्ही लहान असा की मोठे, जरा जवळ सरकून ऐका. एका राज्याच्या सीमेवर एक गाव होतं आणि त्या गावाला एक पाटील होता. माणूस सचोटीचा, पण संशयी असा, की दुधात पाणी निघालं नाही तरी त्याला शंका यायची, आज का नाही?

गावाबाहेर चिंचेखाली वीरगळ होते, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या आठवणीचे कोरीव दगड. पाटील लहान असताना गावावर शत्रूची धाड आली होती. तेव्हा जी माणसं पडली, त्यांत त्याचा थोरला भाऊ रखमाजीही होता. दर दसऱ्याला गाव तिथे जाई आणि दगडांना तेल-शेंदूर थापी. मधल्या दगडाचा पहिला मान पाटलाचा, कारण रखमाजीचा दगड तोच, असं सगळे धरून चालत. पाटलाच्या घरचा दगड कडेला कसा असेल? पण वर्षानुवर्षांच्या शेंदरानं ते दगड इतके फुगले होते, की डोकं कुठलं आणि पाय कुठले ते कळत नव्हतं.

त्या वर्षी राजाची दवंडी फिरली. दसरा झाला की गावातल्या तरण्या पोरांनी फौजेत दाखल व्हायचं होतं. आणि दवंडीनंतर पाटलाच्या मनात पाल चुकचुकली. ही पोरं, त्यांच्याबरोबर काही पोरीही, रोज दुपारी गाव पेंगत असताना चिंचेकडे जात. परत येत तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत लाल असत. पाटील दिसला की त्यांचं बोलणं थांबे. एकाच्या काखेत बोचकं असे आणि ते जड असावं, कारण तो एका अंगाला झुकून चाले.

पाटलानं तर्क बांधला. वीरगळाखाली सोनं पुरलेलं असतं, असं जुनी माणसं बोलत. फौजेत जायच्या आत पोरं ते उकरून पळणार, दुसरं काय? मग त्याला जिकडे तिकडे पुरावे दिसू लागले. कुंभाराच्या लेकीनं शेजारणीकडून तेलाचा बुधला मागून नेला, तोही कटच. धनगराची म्हातारी चिंचेच्या आसपास मेंढ्या चारत होती, ती नक्कीच पहाऱ्याला बसवलेली. पराचा कावळा करायला पाटलाला एक पर पुरे, आणि इथे तर अख्खा पंखच हाती लागला होता.

एका दुपारी पंचांना बरोबर घेऊन त्यानं पोरांना चिंचेखालीच गाठलं. चोरी निघाली तर पोरांना गावाबाहेर काढायचं आणि त्यांची घरं वाळीत टाकायची, हे त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. बोचकं त्यानं स्वतः सोडलं. आत सोनं नव्हतं. शेंदराच्या जाड, वाळक्या खपल्या होत्या. तेल लावून मऊ करतो, बांबूच्या कामटीनं सोडवतो आणि नदीत सोडतो, असं पोरं खाली मान घालून म्हणाली.

"हे तर चोरीहून वाईट," पाटील म्हणाला. "वीरांचा मान ओरबाडलात तुम्ही."

पंचांनीही माना हलवल्या. तेव्हा कुंभाराची लेक पुढे झाली.

"पाटील, माझा भाऊ दसऱ्यानंतर फौजेत चाललाय. कोणता दगड कुणाचा, ते आम्ही गावभर विचारलं. कुणाला सांगता येईना. उद्या तो परत आला नाही, तर त्याच्यावरही असाच शेंदूर थापणार ना तुम्ही? त्याचं तोंड तरी दिसू द्या की."

पाटील म्हणाला, बाकीच्यांचं माहीत नाही, पण हा मधला माझा रखमाजी. त्यावर पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ते बघणंही पाटलाला संशयाचंच वाटलं. मग ती मुलगी बाजूला सरली आणि त्याला दगड दिसला.

मधल्या दगडावर गोफण फिरवणारा एक गडी होता. त्याच्या खांद्यावर घोंगडं होतं आणि पायाशी मेंढरं होती.

"मग तुमचा कोणता, ते तुम्हीच बघा," म्हणत मुलीनं पाटलाला एकेका दगडावरून ओळीच्या टोकाशी नेलं. तिथे गवतात एक दगड कलला होता. त्यावरच्या वीराची तलवार डाव्या हातात होती.

रखमाजी डावखुरा होता. त्याच डाव्या हातानं तो धाकट्याला उचलून खांद्यावर बसवायचा. पाटील हे विसरला नव्हता, पण इतक्या वर्षांत ते त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. दर दसऱ्याला मधल्या दगडाची पूजा झाली की उरल्यासुरल्या शेंदराचं बोट तो या कडेच्या दगडाला पुसायचा. पाटील गवतात बसला आणि लहान मुलासारखा रडला. उभ्या जन्मात त्यानं सगळ्यांवर डोळा ठेवला होता, फक्त या दगडाकडे कधी नीट पाहिलं नव्हतं.

धनगराची म्हातारी मेंढ्या सोडून जवळ आली होती. त्या धाडीत तिचाही भाऊ पडला होता. त्याचा दगड कोणता ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती दर वर्षी लांबून सगळ्यांनाच हात जोडायची.

पाटलानं डोळे पुसले आणि विचारलं, "मावशे, तुझ्या भावाचं नाव काय गं?"

"धुळा," म्हातारी म्हणाली. "तो गेल्यापासून आज पहिल्यांदा कुणी त्याचं नाव विचारलं."

त्या दसऱ्याला मधल्या दगडाचा पहिला मान म्हातारीला मिळाला. मग पोरांनी घरोघर विचारून गोळा केलेली नावं एकेक करून मोठ्यानं घेतली, गावानं ती मागून म्हटली आणि शेंदराचं एकेक बोट फक्त पायांना लावलं. दुसऱ्या दिवशी पोरं फौजेत गेली. काही परतली, काही नाही. कुंभाराचा मुलगा परतला नाही. त्याचा दगड आजही तिथे आहे म्हणतात, आणि त्याचं तोंड स्वच्छ दिसतं. पाटलाचा संशय काही गेला नाही, स्वभावाला औषध नसतं. पण दर दसऱ्याला तो आधी स्वतःवरच संशय घेई आणि विचारी, मला सगळी नावं येतात ना?

बोध इतकाच, की ज्याचं नाव आणि तोंड आपण विसरलो, त्याच्यावर कितीही शेंदूर थापला तरी तो मान नव्हे.