तीनशे होनांचं घर

रत्नाळच्या भानुसेन राजानं हुकूम काढला, की राज्याच्या पाचही परगण्यांत प्रत्येक घराची किंमत एकच धरायची: तीनशे होन. दरसाल त्याचा दहावा हिस्सा घरपट्टी. हिशेब दिवाणजींचा होता. साऱ्या घरांच्या किमतींची बेरीज केली, घरांच्या संख्येनं भागली, झालं. राजधानीतली दिवाणजींची स्वतःची हवेली चार हजारांची होती. पण तो विषय दरबारात निघाला नाही.

खैराळ परगण्यात मात्र निघाला. तिथं पाणी दोन कोसांवर, बाजार दिवसभराच्या वाटेवर, आणि चांगल्यातलं चांगलं घर पंचवीस होनांना जाई. म्हणजे घर पंचवीसचं आणि पट्टी तीस. पट्टी थकली की घर जप्त. लोकांची छपरं शाकारून पोट भरणाऱ्या धोंडूला दवंडी दोनदा ऐकूनही उमगेना. त्याच्या मुलीला, भिवराला, एकदाच ऐकून उमगली. तिनं भाकरी बांधून घेतली आणि राजधानीची वाट धरली.

राजानं तिचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं. “माझा हुकूम चुकत नाही,” तो म्हणाला.

“चुकला कुठं म्हणते, महाराज? झेपत नाही म्हणते.”

“मग माझ्याच हुकमानं माझा हुकूम मोडून दाखव. अक्षर बदलायचं नाही. पाण्याचं, बाजाराचं रडगाणं नको. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर जप्ती तुझ्या घरापासून.”

दिवाणजी गालात हसले.  त्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघता बघताच भिवराला सुचलं.

“महाराज, हुकमाप्रमाणे आमचं घर केवढ्याचं?”

“तीनशेचं.”

“आणि दिवाणजींचं?”

राजानं दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी छताकडे पाहू लागले.

“हुकमाप्रमाणे तीनशेचंच,” राजा म्हणाला.

“मग आमचं दिवाणजींनी घ्यावं, त्यांचं आम्हाला द्यावं. तीनशेला तीनशे. कुणाचंच नुकसान नाही.”

दिवाणजी घाईनं पुढे आले. “महाराज, माझ्या हवेलीला बावीस खोल्या आहेत.”

“आमच्या घराला एक आहे,” भिवरा म्हणाली. “झाडायला सोपी.”

“माझ्या अंगणात विहीर आहे! दारासमोर बाजार आहे!”

“महाराज, पाण्याचं आणि बाजाराचं मी काही बोलले नाही. हे दिवाणजीच बोलले.”

राजा सिंहासनावर पुढे सरकून बसला.

“आता दोन्ही घरं सारखी म्हणाल तर दिवाणजींनी मला किल्ली द्यावी,” भिवरा म्हणाली. “सारखी नाहीत म्हणाल, तर हुकूम मोडला. अक्षर मी बदललेलं नाही.”

राजानं हनुवटी खाजवली. पुन्हा एकदा दिवाणजींकडे पाहिलं, आणि मग तो असा हसला, की शेला सावरायला दोन सेवक धावले.

“हुकूम मोडला! माग, काय हवं?”

“ज्या त्या परगण्यातल्या घरांची किंमत तिथं राहून ठरवावी, महाराज. आणि ती दिवाणजींनी ठरवावी. प्रत्येक परगण्यात महिनाभर राहून.”

राजानं ते दिलं. वर भिवराला पन्नास होन आणि घरी जायला बैलगाडी दिली.

दिवाणजी भर उन्हाळ्यात महिनाभर खैराळात राहिले. परत आल्यावर त्यांनी तिथल्या घराची किंमत लिहून दिली: अठरा होन.