गाडी नक्की कुठे आहे?

आफ्रिकेतल्या दोन देशांच्या वेशीवर शलाका आणि हेरंब दोन दिवस धूळ खात बसले होते. लग्नाला तीन महिने झालेले आणि संसार म्हणावा तर ती एक मोटरसायकल. मागच्या देशाचा व्हिसा संपलेला, त्यामुळे परतीची वाटही बंद.

चूक हेरंबची. मागच्या नाक्यावर त्याने पासपोर्टांवर देश सोडल्याचे शिक्के घेतले, पण गाडीच्या कागदावर घ्यायला विसरला.

"कागदाप्रमाणे गाडी अजून पलीकडच्या देशातच आहे," अधिकारी मिशांतून म्हणाला. "प्रवेशाचा शिक्का मिळणार नाही. शिवाय विम्याशिवाय ती आमच्या आवारात उभी आहे, म्हणून जप्त!"

हेरंबने मान खाली घातली. शलाका एरवी सासरीसुद्धा मोजकंच बोलायची. ती हळूच म्हणाली, "साहेब, गाडी पलीकडे असेल तर इथे जप्त काय करणार? आणि इथे असेल, तर प्रवेशाचा शिक्का मारा."

रांगेतले ट्रकवाले खो खो हसले. साहेबाने मुकाट्याने शिक्का मारला.

समोरच्या टपरीवर विमा उतरवून दोघं निघाले, तेव्हा एका म्हाताऱ्या ट्रकवाल्याने हात केला. "पोरी, मी अकरा दिवस इथेच आहे. माझ्यासाठीही एखादं उत्तर ठेवून जा."

शलाकाजवळ तेवढं एकच होतं.