रीड भिजेपर्यंत

“तुम्हीच सांगा मास्तर, हा बास इथे मध्येच कशाला कडमडतो?”

मिहिर केळुसकरनं लॅपटॉपवरचं वादन थांबवलं. रुझार मास्तर पडवीत डोळे मिटून बसले होते. मुंबईच्या हॉटेलांत उभं आयुष्य सॅक्सोफोन वाजवून ते सावंतवाडीला परतले होते. मिहिर त्यांचाच शिष्य.

त्याच्या चौघांच्या ग्रुपचा हा जॅझ अल्बम. ठेका धरू म्हटलं तर सापडत नाही, चाल गुणगुणू म्हटलं तर हाती लागत नाही. पुण्यातले जाणकार त्यावर खूश होते आणि मिहिरचे पाय जमिनीवर नव्हते.

बास, म्हणजे खर्जात बोलणारं ते मोठं तंतुवाद्य, वाजवणाऱ्या टेकाडेला त्यानं ग्रुपमधून काढलं होतं. आता अल्बममधूनही पुसायचं होतं. उद्या सकाळी अल्बम रेकॉर्डिंग कंपनीकडे जाणार होता, त्याआधी मास्तरांनी हो म्हणायला हवं होतं.

“परत लाव.”

मिहिरनं लावलं. “हे बघा, इथे मी वर जातो… हे बेसूर मुद्दाम आहे हं… आणि इथे तर…”

मास्तर उठले. आतून सॅक्सोफोनची नवी रीड घेऊन आले. वेताची ती पातळ पट्टी तोंडात धरून भिजवल्याशिवाय धड वाजत नाही.

“भिजव. मग दोघं वाजवू.”

मास्तर आपल्यासोबत वाजवणार! मिहिर हरखला. त्यानं रीड ओठांत धरली.

मास्तरांनी वादन पहिल्यापासून लावलं.

आता बोलता येईना. फुंकताही येईना. मिहिर नुसता बसून राहिला.

मधोमध ती जागा आली. सॅक्सोफोन चढत चढत जातो आणि एकाएकी थांबतो. त्या थांबण्याला सगळे वाहवा करत. तिथे आपला दम संपला होता, हे मिहिरनं कुणाला सांगितलं नव्हतं.

…

त्या जागी टेकाडेनं आपलं वादन अर्ध्यावर सोडलं होतं. खर्जातला एकच सूर गजानं हळू ओढत तो थांबला होता. मिहिरचा श्वास परत येईपर्यंत.

मिहिरनं रीड तोंडातून काढली. त्याला फार लाज वाटली.

“मास्तर… तो माझ्यासाठी थांबला होता.”

मास्तरांनी वादन थांबवलं.

“आणि मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, तुला कळत नाही काही.”

…

“बास ठेवतो मी. तसाच ठेवतो.”

“ते मला काय सांगतोस? त्याच्याकडे जा.”

“गेलो असतो हो. पण तो आता माझ्याशी एक शब्द बोलणार नाही.”

मास्तरांनी लॅपटॉप मिटून त्याच्या हातात दिला.

“बरंच आहे,” ते म्हणाले. “तूही बोलू नकोस. ऐकायला सोपं जाईल.”