राजाच्या डोक्यावरची लाख

फार पूर्वी पोतली नगरावर चंडकेतू राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व एका कोंदणकाराच्या घरी जन्मले होते. दागिन्याच्या पोकळ घरात लाख भरायची, तिच्यावर चकाकता वर्ख, वर्खावर खडा, आणि खड्याभोवती शुद्ध सोन्याची पातळ पट्टी सळईनं दाबून बसवायची, हे त्यांचं काम.

राजाच्या मुकुटातलं माणिक सारखं पडायचं. एकदा आमटीत पडलं. एकदा वाकून बसलेल्या पुरोहिताच्या कानात. मग राजानं ते बसवणाऱ्या म्हाताऱ्या सोणकचे हात तोडायचं ठरवलं आणि बोधिसत्त्वांना बोलावलं.

"याचं काम कच्चं आहे एवढं म्हण. की राजकोंदणकार तू."

बोधिसत्त्वांनी मुकुट उलटा करून पाहिला. सळईची एकही खूण चुकलेली नव्हती. लाख मात्र मऊ होऊन ओघळली होती, म्हणून खड्याचा आधारच गेला होता.

"हो म्हण रे पोरा," सोणक कुजबुजला. "तुझं तरी भलं होईल."

"काका, काम पक्कं आहे." मग ते राजाकडे वळले. "महाराज, लाख उष्णतेनं सुटते. डोकं तापतंय."

"कोणाचं?"

"मुकुट ज्याच्यावर आहे त्याचं."

सगळा दरबार फरशी बघू लागला.

"सिद्ध कर. नाहीतर चार हात तोडीन."

बोधिसत्त्वांनी तिथंच माणिक बसवलं. मुकुट घालून राजा जेवला, झोपला, उठला. माणिक हललं नाही.

"आता एक विचारतो, महाराज. आपल्या मिशा खऱ्या आहेत का?"

राजा कानापर्यंत लाल झाला. दरबारात गरम लाखेचा वास सुटला.

"या दोघांचे हात तो—"

माणिक निसटलं आणि थेट त्याच्या उघड्या तोंडात गेलं. जल्लाद नियमांचा पक्का होता. अर्ध्या हुकमावर तो काम करत नसे. सगळे थांबले. राजानं माणिक तोंडातून काढलं, बराच वेळ पाहिलं, आणि त्याचं पोट हसून गदगदू लागलं.

सोणकची हत्तीवरून मिरवणूक निघाली. नगारे वाजले. पुरोहितसुद्धा नाचला. राजकोंदणकाराचं पद बोधिसत्त्वांनी सोणकलाच देववलं.

"आता लाखेशिवाय बसव," राजा म्हणाला.

"बसवता येईल. पण लाख राहू द्या, महाराज. प्रजेला बरी."

राजानं ती राहू दिली. पुढं त्याच्या हयातीत माणिक एकदाही पडलं नाही. काम न उरलेल्या जल्लादानं शेवटी दुधी लावले, आणि ते छान आले.

त्या जन्मीचा चंडकेतू म्हणजे आज भात गार मिळाला म्हणून अख्ख्या विहारावर ओरडणारा भिक्खू. जल्लाद म्हणजे नियम तोंडपाठ असलेला त्याचा सोबती. सोणक म्हणजे कोपऱ्यात हसणारे वृद्ध थेर, आणि तो तरुण कोंदणकार म्हणजे स्वतः तथागत. आणि ते माणिक जिनं जन्मभर धरून ठेवलं, तिला क्षांती, म्हणजे सहनशीलता, म्हणतात.