थिजलेला दरबार

एका राज्यात अचलसेन नावाचा राजा होता. राजा बोले, दळ हाले, हे इतर राज्यांत. इथे राजा पाही आणि दळ थिजे. त्याच्यापुढे मान खाली घालून निश्चल उभे राहायचे. राजाने हात उचलून रजा दिल्याशिवाय जो हलेल, त्याचे डोके जाई. आई नसलेली राजकन्या कुमुद्वतीही रोज अशीच उभी राही. राजाला यात आपला मोठा मान वाटे. कौतुक करायला दुसरे कोणी हलतच नव्हते म्हणा.

एके दिवशी कज्जला नावाची वृद्ध मांत्रिकीण राजकन्येला आशीर्वाद द्यायला आली. वयाने तिचे हात आणि मान थरथरत होती. राजाला ते खपले नाही. "स्थिर राहवत नसेल तर दाराबाहेर राहा," तो म्हणाला.

"माझी थरथर तुला खुपते?" म्हातारी म्हणाली. "तर मग तुझ्या डोळ्यांची थरथर मी घेऊन चालले."

ती गेली. राजाने दरबारावर नजर रोखली, आणि रोखलेल्या नजरेपुढे प्रधान विरला, भालदार विरले, कुमुद्वती विरली. उरले नुसते राखाडी धुके. माणसे टाकून गेली, असे समजून राजा डोळे गच्च मिटून मागच्या दाराने पळाला. रजा द्यायची राहूनच गेली.

रानात चालताना झाडे दिसत, थांबताच नाहीशी होत. बिचाऱ्याला वाटले, झाडेही आपल्याला कंटाळली. विसावा घ्यावा तर जगात एकटेच उरायचे, म्हणून तो चालत राहिला. इतके एकटेपण त्याने सिंहासनावरही सोसले नव्हते. अखेर दमून बसला, तेव्हा धुक्यात एकच गोष्ट दिसत होती. एक पिंगळा, चिमुकले घुबड, मान डोलवत होता.

"शाप काय तो ऐक," पिंगळा म्हणाला. "डोळा हा नुसता जासूद. खरा पाहणारा आत, कवटीच्या अंधाऱ्या महालात एकटा बसलेला असतो. जासूद नवी खबर आणतो तोवर तो ऐकतो. तीच ती खबर आली की लक्ष काढून घेतो. म्हणून माणसाचा डोळा बारीक थरथरत राहतो, खबर शिळी होऊ देत नाही. तुझा जासूद जागीच खिळला आहे. माझे डोळेही खोबणीत फिरत नाहीत. म्हणून मी मान हलवतो."

राजाने लेकीची चौकशी केली.

"ती अजून दरबारातच उभी आहे, अन्नपाण्यावाचून. हलली तर तुझा कायदा मारील, न हलली तर तहान."

राजा तडक उठला. पिंगळ्याने त्याला अडवले. हुकमाने माणसे हलतील, शाप हलणार नाही, लेक थांबली की पुन्हा विरेल, असे सांगून त्याने तीन कामे घातली.

पहिले काम, निवांत डोहाचे पाणी गडूत भरून आणायचे. राजा काठावर थांबला तर डोह दिसेना. त्याने खडा टाकला, तरंग उठले, पाणी दिसले, गडू भरला. दुसरे काम, शापित खजिन्यात शिरून त्यावर निपचित पडलेला नाग पाहून यायचे. पाय पडला की मरण. राजाने पिंगळ्यासारखी मान डोलवली, वेटोळे दिसले, तो माघारी फिरला. सोन्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. तिसरे काम, हाक न मारता, रजा न देता लेक शोधायची.

दरबाराच्या उंबऱ्यावर राजा सवयीने ताठ थांबला. समोर कोणी नव्हते. मग तो मान डोलवत आत चालू लागला. माणसे उमटली, सुकलेली, खाली मान घातलेली. यातली आपली कोणती? लेकीचा चेहरा त्याने कधी वाकून पाहिलाच नव्हता. त्याला लाज वाटली, फार लाज वाटली. तो एकेकीसमोर गुडघे टेकून, मान हलवत, खालून तोंड पाहू लागला. शेवटी त्याच्याच हनुवटीची एक मुलगी सापडली. तिचे ओठ फाटले होते. त्याने पाण्याचा गडू तिच्या तोंडाला लावला आणि भीत भीत आपली मान थांबवली.

चेहरा विरला नाही. शाप फिटला होता.

राजाने हात उचलून सगळ्यांना कायमची रजा दिली. लोक मटकन खाली बसले, कोणी रडले, कोणी पाण्याकडे धावले. कुमुद्वती मात्र त्याच्याकडे पाहतच राहिली.

"आपण माझे तात ना?" तिने विचारले. "क्षमा असावी. मला आपले फक्त जोडे ओळखू येतात."

राजाने जोडे काढले आणि तो तिच्याशेजारी फरशीवर बसला.

त्याला आपले माणूस दिसले, तसे तुम्हाआम्हाला वेळेवर दिसो.