अर्धं काळं डोकं

“बाबा, देवाला पांढरे केस आवडत्यात का काळे? येवढं सांगा, मी चालले.”

भर दुपारी मठाच्या अंगणात हा प्रश्न येऊन आदळला. तांदूळ निवडणाऱ्या बायकांचे हात सुपातच थांबले.

विचारणारी होती शालन. अठ्ठावन्न वर्षांची बाई, आणि अवतार काय म्हणाल! डोक्याची पुढची बाजू ओल्या काळ्या रंगानं थापलेली. एक ओघळ कपाळावरून भुवईपर्यंत आलेला. मागची बाजू मात्र पांढरीफेक. खांद्यावर जुना टॉवेल, हातात श्रीखंडाचा रिकामा डबा, आणि डब्यात कालवलेला केसांचा रंग नि ब्रश. वास असा, की जवळ बसलेल्या बाईनं पदर नाकाला लावला.

अशा थाटात ती भर पेठेतून, सगळ्यांच्या देखत, मान वर करून चालत आली होती.

पायरीवर बसलेल्या दगडूबाबांनी तिच्याकडं पाहिलं. म्हातारा माणूस, डोकं गुळगुळीत, हात कोपरापर्यंत गेरूनं माखलेले. उद्या मठाचा उत्सव. उत्सवाच्या आदल्या दिवशी सगळ्यांची उपरणी गेरूत बुडवून रंगवायची, आणि ती बाबांनी स्वतःच्या हातानं रंगवायची, अशी तिथली रीत. अंगणभर दोऱ्या बांधलेल्या, दोऱ्यांवर ओली भगवी उपरणी.

बाबांनी हातातलं उपरणं पिळलं.

“बोला की!”

एकीनं जीभ चावली. बाबांशी असं कुणी बोलत नसे.

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

“ते बुवांनाच इचारा.”

श्रीपादबुवा म्हणजे बाबांचे थोरले शिष्य. शिकलेले, नेटके, बोलायला साखर. मठाचा सगळा कारभार त्यांच्याकडं. इतका वेळ खांबाआड उभे होते, ते पुढं आले.

“बाबा, मी सकाळी शालनबाईंच्या घरी जाऊन आलो. समजावून सांगितलं. उत्सवाचा पहिला अभंग त्या म्हणतात. सगळ्यांच्या पुढं बसून म्हणतात. यजमान जाऊन वर्ष झालं. आता या वयात, अशा स्थितीत केस रंगवायचे... लोक विचारतात, कुणासाठी? त्यांचं लक्ष अभंगाकडं राहील की केसांकडं? म्हटलं, रंगवायचेच असतील तर खुशाल रंगवा. पण मग मागच्या रांगेत बसा.”

“मागच्या रांगेत बसले म्हणून माझा आवाज काय पांढरा होणार हाय?” शालन म्हणाली.

बाईची जीभ पहिल्यापासून तिखट. नवरा होता तेव्हा महिन्याच्या महिन्याला डोकं काळं करायची, आणि कुणाची हूं का चूं नव्हती. उलट बायका विचारायच्या, कुठला गं डबा? मग नवरा गेला. वर्षभर तिनं रंगाला हात लावला नाही. मनच नव्हतं. वर्ष सरलं, काल तिनं दुकानातून रंगाचा डबा घेतला, आणि डबा घरी पोचायच्या आत बातमी मठात पोचली.

तोच डबा, तीच बाई. पण गावाला आता त्यात खोट दिसायला लागली.

“बाबा,” बुवा म्हणाले, “देवानं उतारवयात जो रंग दिला, तो गोड मानून घ्यावा. एवढंच माझं म्हणणं.”

बाबांनी मान वर करून दोऱ्यांकडं पाहिलं.

“श्रीपाद, ह्ये कापड बाजारातनं आणलं तवा कुठल्या रंगाचं हुतं?”

बुवांनीही दोऱ्यांकडं पाहिलं.

“पांढरं, बाबा.”

“हं.”

बायकांत खसखस पिकली. शालनला तर इतका आनंद झाला, की डबा हातातून सुटायचाच राहिला. जिरली बुवांची! तिनं पदर खोचला आणि बायकांकडं बघून ऐटीत हसली.

“तू नगं हसू,” बाबा म्हणाले. “तू कुणासाठी रंगवतीस?”

तिचं हसू जागच्या जागी विरलं.

हाच प्रश्न. जावेनं विचारला, सुनेनं विचारला, बुवांनी विचारला. आता बाबासुद्धा! तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“तुमी बी, बाबा?... मग ऐका. ह्या समद्यांच्या नाकावर टिच्चून रंगवतीय.”

“म्हंजे त्यांच्यासाठीच की.”

शालननं डबा या हातातून त्या हातात घेतला.

बाबांचं खोटं नव्हतं. आज आरशासमोर बसून तिनं ब्रश फिरवला, पण तो काही केसांवर नव्हता. एक फटका बुवांना, एक जावेला, एक त्या चोंबड्या दुकानदाराला. आरशात सगळी ह्यांचीच तोंडं. स्वतःच्या तोंडाकडं तिनं धड बघितलंही नव्हतं. ओघळ भुवईवर आला तरी पुसला नव्हता.

तिनं तो आत्ता टॉवेलानं पुसला.

बुवांनी संधी साधली.

“बाबा, उत्सव पार पडू दे. मग पंचांना बसवू, शांतपणे विचार करू. तोवर बाईंनी घरी जाऊन...”

“कालवलंय, बुवा,” शालन म्हणाली. “ह्ये थांबत न्हाई.”

“का? मेंदी तर रातभर भिजत घालत्यात,” बाबा म्हणाले.

“ती मेंदी, बाबा. जितकी भिजंल तितकी रंगंल. ह्यात दोन ट्यूबा असत्यात. येकीत येक मिसळली की लगेच लावायचं. ठेवलं की वाया. म्हणून तर तशीच उठून आले. न्हाईतर भर पेठेत तमाशा करायची काय हौस हाय मला?”

ती थांबली. मग आवाज खाली आला, पण नरमला नाही.

“आणि कुणासाठी म्हणून इचारता, तर माझ्यासाठी. मला आवडतंय. काळ्या केसात माझी मला मी बरी दिसते. ह्यांच्यासाठी बी कधी लावलं न्हवतं. त्यांना चष्म्याबिगर काळं-पांढरं कळत न्हवतं. देवाला आवडलं तर आवडलं, न्हाईतर त्यानं बी तिकडं बघावं.”

“येवढंच?”

“येवढंच.”

“बास झालं की.” बाबांनी तिच्या डोक्याकडं नीट पाहिलं. “मग अर्धंच का लावलंस?”

एवढा वेळ भांडणारी बाई, पण या साध्या प्रश्नावर तिची मान खाली गेली. सगळ्यांच्या समोर गेली. तिला स्वतःचाच राग आला, तरी गेली.

“मागं हात पोचत न्हाई, बाबा.”

तिनं हात डोक्यामागं नेऊन दाखवला.

“मागचं हे लावायचे. चष्मा घालून डब्यावरचं समदं मोठ्यांदा वाचायचे, दर खेपंला, जसं काय पैल्यांदाच आणलाय डबा. मग लावायचे. आज सूनबाईला म्हणलं, पुढचं माझं मी केलंय, मागचं तेवढं लाव गं. तिनं खोलीचं दार लावून घेतलं.”

उपरण्यांतून गेरूचं पाणी टपटपत होतं.

बाबा गुडघ्यांवर हात टेकत उठले. पायऱ्या उतरून तिच्यापाशी आले.

“बस खाली. तोंड तिकडं कर.”

शालनला वाटलं, डोक्यावर हात ठेवून बोळवण करतायत. ती मुकाट्यानं खाली बसली. बाबांनी तिच्या हातातून श्रीखंडाचा डबा काढून घेतला.

“कसं लावायचं?”

“बाबा!” बुवांचा आवाज चिरकला.

“तुला न्हाई इचारलं. शालन, कसं लावायचं?”

ती गोंधळली. मागं वळून बघायला गेली, तर बाबांनी तिचं डोकं धरून पुन्हा पुढं केलं. तिनं कमरेला खोचलेले पातळ प्लॅस्टिकचे हातमोजे काढून मागं दिले. बाबांनी एक चढवून पाहिला. अंगठ्यापाशी टरकन फाटला. दुसराही फाटला. दोन्ही फेकून दिले.

“हाताला लागंल, बाबा. ह्यो काय गेरू न्हवं, धुतला की गेला. आठ-आठ दीस ऱ्हातंय हाताला.”

“आणि केसाला?”

“केसावरनं तर कधीच जात न्हाई. डब्यावर लिवलंय, कायमचा. खालनं नवा पांढरा येतो तेवढाच.”

“म्हंजे परत लावायचं.”

“व्हय. दर म्हैन्याला.”

“हं,” म्हणून बाबांनी ब्रश बुडवला, आणि भिंतीला चुना मारावा तसा डोक्यावर मारला.

“तसं न्हवं!” शालन ओरडली.

ओरडली, आणि मग तिच्या ध्यानात आलं, आपण कुणावर ओरडलो. पण रंग कालवलेला. लाजत बसायला वेळ कुठं होता?

“बट उचला. आदी मुळापाशी लावा. मग खालपतूर वढा. आता दुसरी बट.”

“अशी?”

“जरा कमी घ्या ब्रशावर. कानामागं बघा, तिथं ऱ्हातंय.”

“हितं?”

“आणिक खाली. मानंपाशी.”

असं बराच वेळ चाललं. शिष्या सांगत होती, गुरू ऐकत होता, आणि मध्येच चुकत होता. एका बटेला दोनदा लावलं, म्हणून त्यांना बोलणीही खावी लागली. ब्रश पुरेना, तेव्हा त्यांनी तो डब्यात टाकला आणि बोटांनीच लावायला घेतलं. बायकांचे तांदूळ तसेच पडले. बुवा दोनदा आत गेले, दोनदा बाहेर आले.

मानेवर म्हातारी खरखरीत बोटं फिरली, तेव्हा शालनला नवरा आठवला. जुन्या आठवणीसारखा नाही, आत्ता इथं होता आणि पाणी प्यायला आत गेला, असा. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. रंगाच्या वासानं आलं, असं तिनं नंतर बायकांना सांगितलं. बायकांनीही मान डोलावली.

“झालं बघ,” बाबा म्हणाले. “आता?”

“आता अर्धा तास ठेवायचं, आणि मग धुवायचं.”

“धुताना ऊन पाणी घे. गार पाण्यानं गळा धरंल. सकाळी म्हणायचं हाय.”

शालननं डोळे पुसले. तोंड अजून तिकडंच होतं.

“कुठं बसून म्हणू, बाबा?”

“येवढी वर्सं कुठं बसतीस?”

“पुढं.”

“मग?”

शालन उठली. कोपऱ्यात, खांबाआड, कुठंही बसता आलं असतं. ती अंगणाच्या मधोमध, भगव्या उपरण्यांच्या खाली जाऊन बसली. मठात येणाऱ्या-जाणाऱ्याला अख्खं डोकं दिसेल अशी बसली. शेजारच्या बाईनं आपलं सूप तिच्यापुढं सरकवलं, आणि ती खडे निवडायला लागली. कुणासाठी लावलं, हे त्या अर्ध्या तासात तिला कुणी विचारलं नाही.

बाबा हौदावर गेले. हात पाण्यात घातले, तसा गेरू सुटला, पाणी भगवं झालं. पण बोटं काळी ती काळीच. नखंही काळी.

श्रीपादबुवा साबण घेऊन धावले. मग लिंबू आणलं. मग चुलीतली राख आणली. घासून घासून बाबांची कातडी लाल झाली, पण रंग तसूभरही हलला नाही. बुवा रडकुंडीला आले.

“बाबा, उद्या गावोगावची माणसं येतील. प्रत्येकाच्या डोक्यावर तुम्ही हात ठेवणार. प्रत्येकाच्या ओंजळीत प्रसाद घालणार. हे असे हात बघून लोक मला विचारणारच. काय सांगू मी त्यांना?”

बाबांनी दोन्ही हात उन्हात धरले. उलटे केले, पालटे केले. नीट पाहिले...

“सांग, एका बाईचा मागं हात पोचत न्हवता.”